कोलंबिया, १९१७: युद्धाला विरोध आणि प्राध्यापकाची नोकरी

सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका करणाऱ्या प्राध्यापकाचे काय करायचे, हा प्रश्न आज विचारला जातो तेव्हा १९१७ चे कोलंबिया विद्यापीठ आठवायला हवे.

त्याआधी दोनच वर्षे, जानेवारी १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी आपली संघटना स्थापन केली होती. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. शैक्षणिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख होते अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन. दोघेही कोलंबियाचे, आणि दोघेही तेव्हा तिथे शिकत असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. जाहीरनाम्यातली तुलना मला फार मोलाची वाटते: राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाची नेमणूक करतात, पण निकाल काय द्यायचा हे सांगत नाहीत. विद्यापीठाचे विश्वस्त आणि त्यांनी नेमलेले प्राध्यापक यांचे नातेही तसेच असावे.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जूनमध्ये कोलंबियाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी बजावले, की आजवर चालवून घेतलेली मते यापुढे चालवून घेतली जाणार नाहीत. कालचा मूर्खपणा आज देशद्रोह ठरेल. ऑगस्टमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, काही सदस्यांना पत्र लिहिले. सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या संमतीशिवाय युरोपात लढायला पाठवू नये, एवढीच त्यांची मागणी होती. पत्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर होते. १ ऑक्टोबरला विश्वस्तांनी कॅटेल आणि युद्धविरोधी चळवळीत वावरणारे साहित्याचे प्राध्यापक हेन्री दाना या दोघांना बडतर्फ केले. कॅटेल यांची नोकरी २६ वर्षांची होती. बटलर यांच्याशी त्यांचे बरीच वर्षे बिनसलेले होते, हेही खरे. जुना राग काढायला देशभक्तीचे निमित्त मिळाले.

आठवड्याभरात इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. बिअर्ड स्वतः या युद्धाच्या बाजूचे होते. ज्या मताशी आपण सहमत नाही त्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, म्हणून या साऱ्या प्रकरणात मला सर्वाधिक आदर त्यांच्याविषयी वाटतो. १९१९ मध्ये न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च ही शिक्षणसंस्था उभी करणाऱ्यांत बिअर्ड आणि ड्यूई दोघेही होते.

प्राध्यापकांची संघटना मात्र कचरली. सक्तीची भरती टाळायला इतरांना प्रवृत्त करणारा प्रचार केला तर प्राध्यापकाला काढता येईल, असे तिच्या १९१८ च्या अहवालाने मान्य केले. तीन वर्षांपूर्वीच्या जाहीरनाम्यातला ठामपणा युद्धापुढे ओसरला होता. पुढे १९४० च्या निवेदनात नागरिक म्हणून बोलणाऱ्या प्राध्यापकावर संस्थेने कारवाई करू नये, असे स्पष्ट लिहिले गेले. आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे प्राध्यापकाने जाणवू द्यावे, अशी अपेक्षाही त्यात जोडली. हे वाचताना कॅटेल यांचे लेटरहेड आठवतेच.

व्हिएतनाम युद्धात या भूमिकेचा कस लागला. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी रात्रभर युद्धावर व्याख्याने आणि चर्चा घडवल्या. एप्रिलमध्ये रटगर्स विद्यापीठातले इतिहासकार युजीन जेनोव्हेज म्हणाले, की व्हिएतकाँग (अमेरिकेविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट गनिम) जिंकले तर मी त्याचे स्वागतच करीन. त्यांना काढा, ही मागणी न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत गाजली. रिचर्ड निक्सन यांनीही ती उचलून धरली. गव्हर्नर रिचर्ड ह्यूज यांना जेनोव्हेज यांचे मत मान्य नव्हते, तरी त्यांनी बडतर्फीला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये ह्यूज मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले आणि जेनोव्हेज यांची नोकरीही शाबूत राहिली.