सांधेरोपणानंतरच्या सूचना कुठून आल्या

खुब्याचे किंवा गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या रुग्णाला आज बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभे केले जाते. शस्त्रक्रियेपूर्वी दातांत पू नाही ना, लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, रक्तातील साखर आटोक्यात आहे ना, हे तपासलेले असते. नंतर काही आठवडे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध चालते, घोट्याचे आणि मांडीचे व्यायाम करून घेतले जातात, बसताना आणि वळताना काय टाळायचे ते समजावले जाते आणि ठरावीक काळाने एक्स-रेसाठी बोलावले जाते. या साऱ्या सूचना एकाच कागदावर हाती पडत असल्यामुळे त्या कोणीतरी एका बैठकीत ठरवल्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्या शंभराहून अधिक वर्षांत एकेक करून जमा झाल्या, आणि त्यांतील बहुतेक सूचनांच्या मागे कोणत्या ना कोणत्या रुग्णांनी सोसलेले अपयश आहे.

पहिले अपयश जंतुसंसर्गाचे. बर्लिनमधील शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० मध्ये क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला आणि पुढे इतर सांध्यांवरही तोच प्रयोग केला. सुरुवातीला रुग्णांना आराम पडला. पण ज्या सांध्यात आधीच क्षयाचे जंतू होते, तिथे परक्या वस्तूभोवती ते पुन्हा वाढले आणि बसवलेले सांधे टिकले नाहीत. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८९३ मध्ये प्लॅटिनम आणि कडक रबर यांचा खांदा बसवला, तोही संसर्गामुळेच पुढे काढावा लागला. संसर्ग असलेल्या सांध्यात कृत्रिम सांधा बसवू नये, हे ग्लुक यांनी स्वतःच्या अनुभवावरून मान्य केले होते. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे चिकटून बसलेल्या जंतूंपर्यंत शरीराची संरक्षक यंत्रणा आणि औषधे नीट पोहोचत नाहीत. किडलेल्या एका दातासाठी आज शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तेव्हा रुग्णाला तो अतिरेक वाटू शकतो, पण त्यामागचे कारण हे आहे.

पुढची पन्नास वर्षे शोध मुख्यतः पदार्थाचा होता. बॉस्टनचे मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर काचेची टोपी बसवून पाहिली. काच भाराखाली फुटत असे, म्हणून १९३८ मध्ये ते कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूकडे वळले. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी खुब्याचे डोके आणि खोबण हे दोन्ही भाग पोलादाचे बसवले. फ्रान्समधील ज्यूदे बंधूंनी १९४६ पासून ॲक्रिलिकचे डोके वापरले. ते काही वर्षांत झिजे किंवा तुटे, आणि काही रुग्णांचा खुबा चालताना चक्क करकरत असे.

या करकरण्याने इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांचे लक्ष घर्षणाकडे वेधले. निरोगी सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, बर्फावर बर्फ सरकावा त्याहूनही सहज सरकते, हे त्यांना प्रयोगांतून दिसले, आणि कृत्रिम सांध्यातही घर्षण शक्य तितके कमी हवे अशी त्यांची धारणा झाली. त्यासाठी त्यांनी टेफ्लॉन या निसरड्या प्लास्टिकची खोबण निवडली आणि लँकशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात सुमारे ३०० रुग्णांना ती बसवली. सुरुवातीचे यश डोळे दिपवणारे होते; वर्षानुवर्षे काठीशिवाय न चाललेली माणसे वेदनेशिवाय चालू लागली. मात्र दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा आजूबाजूच्या ऊतींत साचला आणि त्याने सांधा सैल केला. चार्नली यांनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनचे कण टोचून घेतले आणि शरीर त्यांना कसा विरोध करते ते पाहिले. ज्यांचे सांधे निकामी झाले होते त्या रुग्णांवर त्यांनी पुन्हा शस्त्रक्रियाही केल्या. या शास्त्राच्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या काळाचा, कारण आपले गाजलेले काम फसले आहे हे रुग्णासमोर उभे राहून मान्य करणे कोणत्याही काळात सोपे नसते.

उपाय आला तो त्यांच्या कार्यशाळेतून. मे १९६२ मध्ये तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्याकडे एका विक्रेत्याने उच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलिनचा नमुना आणला होता. चार्नली यांनी नखाने दाबून पाहून तो निरुपयोगी ठरवला, तरी क्रेव्हन यांनी तो झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितकेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही. नोव्हेंबर १९६२ पासून त्याची खोबण, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे धातूचे छोटे डोके आणि हे भाग हाडात पक्के बसवणारे, दंतवैद्यकातून आलेले ॲक्रिलिकचे बोन सिमेंट अशी जुळणी रुग्णांना बसवली जाऊ लागली. आजचे खुब्याचे सांधेरोपण मुळात त्याच रचनेवर उभे आहे.

चार्नली यांची दुसरी कामगिरी हवेशी निगडित होती. संसर्गाचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास पाहून त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारला, शल्यचिकित्सकांसाठी श्वास बाहेर ओढून नेणारे पोशाख तयार केले आणि काही वर्षांत ते प्रमाण एक टक्क्याच्या आत आणले. हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास सिमेंटमध्येच जंतुनाशक औषध मिसळण्यास सुरुवात केली. आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांवर आधारलेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनेही शुद्ध हवेने संसर्ग घटतो हे दाखवले.

गुडघ्याला अधिक वेळ लागला, कारण गुडघा ही नुसती बिजागरी नव्हे. तो वाकताना घरंगळतो, सरकतो आणि किंचित फिरतोही. १९५० च्या दशकातील धातूच्या बिजागऱ्या हे फिरणे अडवत, त्यामुळे प्रत्येक पावलाचा पीळ थेट हाडातील दांड्यावर येई आणि सांधा सैल होई. चार्नली यांच्याच रुग्णालयात काम करणारे कॅनेडियन शल्यचिकित्सक फ्रँक गन्स्टन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बिजागरी सोडून हाडांचे पृष्ठभाग तेवढे बदलण्याची वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांच्या गटाने १९७४ मध्ये जी रचना वापरात आणली, ती पुढील बहुतेक गुडघ्यांचा पाया ठरली.

इथून पुढे प्रश्न उरला तो रुग्ण बरा कसा होतो याचा, आणि तो सुटायला सांधा घडवण्यापेक्षाही जास्त काळ लागला असे माझे मत आहे. सुरुवातीच्या दशकांत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे अंथरुणात पडून राहणे हाच उपचाराचा भाग मानला जाई. हलले नाही तर जखम भरेल, ही त्यामागची समजूत होती. परंतु निश्चल पायातील शिरांत रक्त साकळते, आणि तिथली गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्या काळी उत्तम बसलेल्या सांध्यानंतरही रुग्ण दगावण्याचे हे एक मोठे कारण होते. घोटा वर-खाली करत राहण्याचा व्यायाम दिसायला क्षुल्लक असला, तरी पोटरीच्या स्नायूंनी रक्त वर ढकलावे हाच त्याचा हेतू असतो.

गुडघ्यात आणखी एक अडचण होती. शस्त्रक्रियेनंतर सांध्याभोवती घट्ट ऊती तयार होतात आणि पहिल्या काही आठवड्यांत वाकवण्याचा व सरळ करण्याचा सराव झाला नाही, तर गुडघा आखडतो. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सतत संथ हालचालीने कूर्चा सुधारते असे प्रयोगांतून मांडले होते. त्यावर आधारलेली, पाय आपोआप वाकवणारी यंत्रे १९८० च्या दशकात रुग्णांच्या खाटांवर दिसू लागली. पुढील चाचण्यांत त्यांचा फायदा फारच थोडा निघाला. रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी केलेल्या व्यायामाला, विशेषतः मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद आणणाऱ्या व्यायामाला, यंत्राचा पर्याय मिळाला नाही.

मोठा बदल डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांच्या विचारातून आला. शस्त्रक्रियेनंतर माणूस नेमका कशामुळे अंथरुणात अडकतो, असा साधा प्रश्न १९९० च्या दशकात त्यांनी विचारला. वेदना, मळमळ, मॉर्फिनसारख्या औषधांची गुंगी, रक्तस्राव, नळ्या आणि भीती अशी कारणे त्यांनी सुटी केली आणि प्रत्येकावर वेगळा उपाय योजला. त्यांचा विचार मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून सुरू होऊन सांध्यांपर्यंत आला. मणक्यातील भूल, वेगवेगळ्या प्रकारच्या वेदनाशामकांचे थोडे थोडे डोस, आणि सिडनीच्या केर व कोहन यांनी २००८ मध्ये मांडलेली, सांध्याभोवतीच्या ऊतींतच औषध टोचण्याची पद्धत यांमुळे पहिल्याच दिवशी उभे राहणे शक्य झाले. जपानमध्ये ओकामोतो दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेले ट्रॅनेक्सॅमिक आम्ल रक्तस्राव रोखण्यासाठी वापरात आले, आणि पूर्वी सर्रास चढवावे लागणारे रक्त बहुतेकांना लागेनासे झाले.

खुब्याच्या रुग्णांना सांगितली जाणारी बंधने, म्हणजे काटकोनापेक्षा जास्त वाकू नये, पायावर पाय टाकू नये, पाय आत वळवू नये, ही छोटे डोके खोबणीतून निसटण्याच्या भीतीतून आली. डोक्यांचा व्यास वाढला आणि आतील ऊतींची शिवण सुधारली तशी अनेक ठिकाणी ती सैल झाली आहेत. त्यामुळे दोन रुग्णांना दोन वेगळ्या सूचना मिळाल्या, तर त्यांत कोणाची चूक असतेच असे नाही; सांधा कोणत्या बाजूने उघडला आणि कोणता बसवला यावर ते ठरते.

एक्स-रेचे बोलावणे मात्र टाळू नये. पॉलिइथिलिनचे सूक्ष्म कण शरीरातील पेशी गिळतात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने भोवतालचे हाड विरते. हे बऱ्याचदा काहीही न दुखता घडते. या झिजेला कंटाळून धातूवर धातू घासणारे खुबे पुन्हा बाजारात आले, पण त्यांतील एक मोठ्या प्रमाणावर बसवला गेलेला प्रकार २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावा लागला. तो लवकर निकामी होतो हे उघड झाले ते प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय नोंदवह्यांमुळे. अशी पहिली नोंदवही स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यासाठी सुरू केली होती. अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २५ वर्षांनंतरही संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के सांधे टिकून असतात.

टिकलेला सांधा म्हणजे समाधानी रुग्ण असे मात्र नसते. गुडघा बदललेल्या साधारण पाचांपैकी एकाला निकाल मनासारखा वाटत नाही, आणि एक्स-रेमध्ये त्याचे कारण दिसतेच असे नाही. म्हणून १९९० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये रुग्णांशी बोलून बारा प्रश्नांची एक यादी तयार झाली, आधी खुब्यासाठी आणि नंतर गुडघ्यासाठी. इंग्लंडमध्ये २००९ पासून ती शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनंतर रुग्णांकडून भरून घेतली जाऊ लागली. रात्री अंथरुणात दुखते का, जिना उतरता येतो का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असे प्रश्न त्यात आहेत आणि त्यांची उत्तरे रुग्णाने स्वतः द्यायची असतात.