ब्रुअरीतला वॉश, डिस्टिलरीतली व्हिस्की : अमेरिकन सिंगल माल्टची पार्श्वभूमी

अमेरिकेतील क्राफ्ट ब्रुअरी (छोट्या प्रमाणावर बिअर करणारे कारखाने) आणि छोट्या डिस्टिलरी (आंबवलेल्या द्रवाची वाफ करून ती थंड करून, म्हणजे ऊर्ध्वपातनाने, मद्य काढणारे कारखाने) भागीदारीत व्हिस्की काढू शकतात, कारण उत्पादनाचा पहिला निम्मा टप्पा दोघींचा सारखाच असतो. माल्ट (अंकुरवून वाळवलेले धान्य) भरडणे, तो गरम पाण्यात ठेवून साखर उतरवणे, टरफले गाळून गोड रस वेगळा करणे आणि यीस्ट घालून तो आंबवणे ही कामे दोन्हीकडे होतात. बिअरसाठी रस हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी फुले) घालून उकळतात; माल्ट व्हिस्कीच्या रसात मात्र एरवी हॉप्स नसतात आणि तो बहुधा उकळतही नाहीत. आंबून तयार होणाऱ्या, साधारण 8 टक्के मद्यार्काच्या या द्रवाला वॉश म्हणतात.

1920 ते 1933 च्या दारूबंदीने छोटे उत्पादक जवळजवळ संपवले आणि त्यानंतर हा धंदा मोठ्या कारखान्यांच्या हाती गेला. घरगुती बिअरनिर्मितीला 1978 च्या कायद्याने मुभा मिळाल्यावर क्राफ्ट ब्रुअरी वाढल्या. सॅन फ्रान्सिस्कोतील एका ब्रुअरीने 1993 मध्ये स्वतःची डिस्टिलरी काढून राय या धान्याच्या माल्टची व्हिस्की केली, पण ती एकाच मालकाची दोन खाती होती.

दोन स्वतंत्र व्यवसायांची भागीदारी कशी चालते हे डेन्व्हरमध्ये स्पष्ट दिसले. तेथे 2004 मध्ये सुरू झालेली डिस्टिलरी शेजारच्या ब्रुअरीकडून वॉश घेत असे. व्हिस्की पिंपांत मुरेपर्यंत भांडवल वर्षानुवर्षे अडकून पडते. अशा वेळी माल्ट भिजवण्याच्या आणि आंबवण्याच्या टाक्यांचा खर्च वाचला, तर नवा उत्पादक तग धरतो. ब्रुअरीच्याही रिकाम्या टाक्यांना काम मिळते. या व्यवस्थेतील धोकाही तेथेच दिसला : शेजारच्या ब्रुअरीने आपले उत्पादन मेरीलँडला हलवल्यावर डिस्टिलरीला वॉशसाठी इतर ब्रुअरींकडे जावे लागले आणि पुढे स्वतःची यंत्रणा उभारावी लागली.

खरा वाद मात्र सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ माल्टपासून केलेल्या व्हिस्कीच्या, व्याख्येवरून झाला. स्कॉटलंडच्या 2009 च्या नियमांनुसार माल्ट भिजवणे, रस आंबवणे आणि ऊर्ध्वपातन ही तिन्ही कामे एकाच डिस्टिलरीत व्हावी लागतात, म्हणजे ब्रुअरीतून आणलेला वॉश तेथे चालत नाही. अमेरिकेतील काही उत्पादकांनी 2016 मध्ये एकत्र येऊन वेगळी व्याख्या पुढे केली आणि डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय नियमाने ती मुख्यतः मान्य केली. धान्य म्हणून केवळ बार्लीचा माल्ट, 700 लिटरपर्यंतची ओकची पिंपे आणि संपूर्ण ऊर्ध्वपातन एकाच डिस्टिलरीत, या अटी त्यात आहेत. माल्ट भिजवण्याचे काम मात्र अमेरिकेत कोठेही झाले तरी चालते. ज्यांना ही सवलत खटकते त्यांचा मुद्दा असा, की चवीचा मोठा भाग आंबवताना घडतो, त्यामुळे तो टप्पा दुसऱ्याच्या छपराखाली झाला तर ‘सिंगल’ म्हणण्याला आधार राहत नाही. चवीबद्दल ते बरोबर आहेत. तरीही स्कॉटलंडची अट जशीच्या तशी उचलली असती, तर ज्या वाटेने ही व्हिस्की अमेरिकेत रुजली तीच बंद झाली असती, आणि त्याचा फटका सर्वांत लहान उत्पादकांना बसला असता. म्हणून हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. वॉश करणाऱ्या ब्रुअरीचे नाव लेबलवर देण्याचे बंधन त्यात नाही, ही उणीव मात्र गंभीर आहे. चव घडवणाऱ्याचे श्रेय ग्राहकाला दिसायला हवे.

हॉप्स घातलेली तयार बिअर ऊर्ध्वपातित करण्याचा प्रयोग या नियमाच्या आधीचा, 1999 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पिल्सनर या फिकट बिअरवर झालेला आहे. हॉप्सचा कडूपणा बहुतांशी मागे राहतो, सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर वर येतात, त्यामुळे असे मद्य माल्ट व्हिस्कीच्या सरळ व्याख्येत बसत नाही. पिंपांची देवाणघेवाण हा भागीदारीचा आणखी एक, तुलनेने सोपा प्रकार. बर्बन या मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीला दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते. रिकामी झालेली पिंपे ब्रुअरी स्टाउट या गडद बिअरसाठी घेतात आणि काही वेळा तीच पुन्हा व्हिस्कीसाठी परत येतात.

नवा नियम 19 जानेवारी 2025 पासून लागू झाला असून जुन्या लेबलांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे.