नानावटी खटला : निर्दोष निकाल व लोकमत

नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम अहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्यावर रिव्हॉल्व्हरने तीन गोळ्या झाडल्या आणि नंतर ते स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. अहुजांशी आपले संबंध असल्याची कबुली नानावटींच्या पत्नीने त्याच दिवशी पतीला दिली होती. ऑक्टोबर १९५९ मध्ये सत्र न्यायालयातील ज्यूरीने, म्हणजे निर्णय देण्यासाठी नेमलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. स्वतंत्र भारतात इतका गाजलेला आणि इतका वादग्रस्त निर्दोष निकाल क्वचितच लागला असेल.

लोकांचा कल निकालाआधीच ठरला होता. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. एरवी पंचवीस पैशांना मिळणारा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. अहुजा गोळीबाराच्या वेळी टॉवेल गुंडाळून होते, म्हणून रस्त्यावर ‘अहुजा टॉवेल’ आले, तसेच ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी आली. पारशी समाजाने नानावटींसाठी सभा भरवल्या, तर अहुजांच्या बाजूने सिंधी समाज उभा राहिला. गणवेशातला देखणा अधिकारी एकीकडे आणि पैसेवाला, अविवाहित व्यापारी दुसरीकडे, असे सोपे चित्र तयार झाले. त्यात मेलेल्या माणसाच्या चारित्र्याचीच सुनावणी झाली आणि त्याला बोलायला तोंड उरले नव्हते.

या लोकमतातली सर्वांत मोठी विसंगती मात्र फारशी चर्चिली जात नाही. नानावटींचे वकील कार्ल खंडालावाला यांनी न्यायालयात मांडलेला बचाव असा होता की, झटापटीत गोळ्या अपघाताने सुटल्या. बाहेर जमलेल्या गर्दीला अपघात नको होता. घरच्या अब्रूसाठी सूड घेणारा नवरा हवा होता. आरोपी जे केले नाही म्हणत होता, त्याचेच कौतुक चालले होते. पत्नीने बचाव पक्षातर्फे साक्ष दिली, तरी तिच्याकडे एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहणारे थोडेच होते.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्यूरीचा निर्णय पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे सरकारी पक्षाने टॉवेलच्या मुद्द्यावर बोट ठेवले : अहुजांनी आंघोळीनंतर गुंडाळलेला टॉवेल खऱ्या झटापटीत अंगावर टिकला कसा? ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्या ताब्यातच राहू दिले. आता वकीलवर्गातूनही नाराजी उमटली. प्रश्न एका आरोपीपुरता राहिला नव्हता. सरकार न्यायालयाच्या कामात हात घालू शकते का, असा तो झाला होता. अपील प्रलंबित असताना राज्यपालांना असा अधिकार वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरवले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेपही कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये जहाजावर जाऊन शस्त्र मिळवण्याइतका वेळ गेला होता. त्यामुळे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा, म्हणजे अचानक भडकलेल्या रागाच्या भरात कृत्य घडल्याचा, आधार न्यायालयाने नाकारला.

या खटल्यामुळेच भारतातून ज्यूरी गेली, ही समजूत अजून ऐकू येते. ती अर्धवट आहे. विधी आयोगाने १९५८ मध्येच ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली होती आणि अनेक ठिकाणी ती आधीच मोडीत निघाली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेतून ती पूर्णपणे वगळली गेली १९७३ मध्ये. नानावटी निकालाने ज्यूरीच्या विरोधकांना बोट दाखवायला एक ठळक उदाहरण मात्र दिले.

नानावटींना माफी देण्याची मागणी होत राहिली, पण ती दिल्यास सिंधी समाज दुखावेल ही सरकारची अडचण होती. अखेर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींबरोबरच दुसऱ्या एका प्रकरणात शिक्षा झालेल्या भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी दिली. अहुजांच्या बहिणीकडून आधी लेखी संमती घेण्यात आली होती. नानावटी पुढे कुटुंबासह कॅनडात स्थायिक झाले.