मेझोटिंट आणि अम्लरेखन : तांब्यावरची जपानी पाखरे

जपानी फुला-पक्ष्यांची चित्रे म्हटली की लाकडी ठशांची छापचित्रे डोळ्यांपुढे येतात. पण विसाव्या शतकात पॅरिसला स्थायिक झालेल्या काही जपानी चित्रकारांनी हाच विषय तांब्याच्या पत्र्यावर हाताळला. कियोशी हासेगावा (१८९१–१९८०) यांचे मेझोटिंट आणि केइको मिनामी (१९११–२००४) यांचे अम्लरेखन, म्हणजे एचिंग, शेजारी ठेवले तर दोन्हींत एखादा एकटा पक्षी दिसतो आणि दोन्हींच्या कडेला पत्र्याच्या दाबाची चौकोनी खूण असते, म्हणून पाहणारा दोन्ही तंत्रे एकच समजतो.

वास्तविक त्यांची सुरुवातच उलट टोकांकडून होते. अम्लरेखनात पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने तो खरवडतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खाते. पांढऱ्या कागदावर रेघ काळी उमटते. मेझोटिंटमध्ये दातेरी, अर्धगोल धारेचे अवजार पाळण्यासारखे डोलवत पत्रा सर्व दिशांनी खरखरीत करतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यातच चित्राचा प्राण आहे, कारण तेव्हाच शाई लावून छापले तर मखमली काळा चौकोन मिळतो. पुढे जेथे उजेड हवा तेथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. हासेगावांच्या पाखराची छाती आणि पेल्यातल्या रानगवताचे तुरे असे काळोखातूनच वर येतात. मिनामींच्या पक्ष्याला मात्र बारीक रेषेची स्पष्ट बाह्यरेखा असते.

घोटाळा होतो तो ॲक्वाटिंटमुळे. राळेची पूड पत्र्यावर चिकटवून आम्लात बुडवले की अम्लरेखनातही करड्या छटा मिळतात. भिंगातून पाहावे: ॲक्वाटिंटमध्ये राळेच्या कणांच्या जागी पांढरे ठिपके राहतात आणि छटा पायऱ्यापायऱ्यांनी बदलते, मेझोटिंटमध्ये ती न तुटता विरत जाते.

जपानी चित्रकार योझो हामागुची (१९०९–२०००) यांनी पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार पत्रे वापरून मेझोटिंट रंगीत केले. अम्लरेखनाची खोल रेघ बरीच छपाई सोसते; मेझोटिंटची खरखर मात्र दाबाखाली लवकर चपटी होते, म्हणून एकाच पत्र्याच्या पहिल्या प्रतीतला काळा रंग नंतरच्या प्रतींत तितका गडद राहत नाही.