आच्छादन वेगळं, पांघरूण वेगळं

‘वाफा झाकला होता, तरी थंडीनं पानं करपली’ असं कुणी म्हणालं, तर कशानं झाकला होता ते विचारावं. खोडाभोवती तणस, म्हणजे भाताचा पेंढा, किंवा सोयाबीनचं कुटार पसरलं तर ते आच्छादन. वेलावर कापड घातलं तर ते पांघरूण. पहिलं मुळांसाठी, दुसरं पानांसाठी.

नागपूरची थंडी एरवी सोसण्याजोगी असते, पण २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की अशा रात्री जमीन दिवसभराची ऊब वर सोडत राहते आणि पानांना तीच आधार देते. तणसाचा जाड थर ही ऊब खालीच अडवतो. मुळं सुखात राहतात, पण वरची पानं उघड्या मातीवरच्या पानांपेक्षा जास्त गारठतात. घोटाळा होतो तो इथेच.

म्हणून कडाक्याची रात्र दिसत असेल तर दुपारीच आच्छादन बाजूला ओढा. माती कोरडी असेल तर सकाळीच हलकं पाणी द्या. ओलसर माती उन्हाची ऊब जास्त साठवते. सूर्य मावळण्याआधी बांबूच्या कमट्यांच्या कमानींवर जुनं सुती लुगडं किंवा नॉन-वोव्हन कापड टाका. कडा चारही बाजूंनी जमिनीला टेकवून विटांनी दाबा. कापड खोडाला गुंडाळून बांधलं तर जमिनीची ऊब आत येतच नाही. प्लास्टिक पानाला टेकलं, तर टेकलेलं पान हमखास जातं: आधी भिजल्यासारखं दिसतं, मग काळं पडतं. सकाळी ऊन चढलं की पांघरूण काढाच, नाहीतर आत वाफ धरून बुरशी येते.

कुणाला काय लागतं? तोंडली आणि परवल थंडीत सुप्त होतात. त्यांना पाणी कमी, आच्छादन पाच ते सात सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटलं तर कूज लागते, आणि कोरड्या तणसात उधई शिरते. अळूची पानं गेली तरी कंद फुटतो, त्यालाही आच्छादन पुरतं. पांघरूण खरं लागतं ते मायाळूला आणि वर्षाच्या आतल्या शेवग्याला. मोठा शेवगा पानं गाळतो, तेवढंच.

करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. छाटणीनं कोवळी फूट येते आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी जाते. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं, की जिवंत डोळा बघून त्याच्या वर छाटा.