चाकाच्या आकाराची मूठ: कॉकपिटच्या छायाचित्रांमागचा इतिहास

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॅरियर हे लढाऊ विमान चहूबाजूंनी बघून होतं. वैमानिकाचा डावा हात कुठे असायचा, ते मात्र खालून दिसत नाही. शेजारच्या दाबोळीच्या हंसा तळावरून ही विमानं २०१६पर्यंत उडाली. थ्रॉटलला (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) लागूनच नोझल, म्हणजे जेटचा झोत खाली किंवा मागे सोडणारी तोंडं, वळवायची लिव्हर. दोन्ही एकाच हाताने चालवायच्या. विमान हवेत स्थिर उभं असताना थ्रॉटलऐवजी नोझलची लिव्हर पुढे सरकली, तर झोत मागे वळतो आणि विमानाचा आधारच सुटतो. हा धोका कॉकपिटच्या फोटोत लगेच लक्षात येतो.

गल्लत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरून मग धावपट्टीवर पोटावर बसत. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटायला गेलेला हात चाकांच्या स्विचवर पडे, कारण दोन्ही स्विच शेजारी आणि दिसायला सारखे. १९४३मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी एकाला छोटं चाक, दुसऱ्याला पाचर बसवायला लावली. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. आज चिपी-मोपा विमानतळांवर उतरणाऱ्या प्रवासी विमानांतही चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखीच असते. फोटोत आधी ती शोधावी.

अंतराळयानात भांडण खिडकीवरून झालं. मे १९६१मध्ये अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ॲलन शेपर्ड गेले तेव्हा पेरिस्कोप आणि दोन लहान झरोके एवढंच होतं. अंतराळवीरांनी धरून ठेवल्यामुळे जुलैच्या यानाला मोठी खिडकी मिळाली. अपोलो ११च्या कोलंबिया यानाचं २०१६मध्ये आतून त्रिमितीय स्कॅनिंग झालं, तेव्हा भिंतीवर हाताने काढलेलं कॅलेंडर आढळलं. त्यात पृथ्वीवर उतरण्याचा दिवस सोडून प्रत्येक दिवसावर काट आहे. बारकाईने टिपलेल्या चित्राची किंमत इथे कळते.

फोटो काढताना कॅमेरा वैमानिकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, डोकं टेकतं तिथे ठेवावा. १४ ते २० मिमीची लेन्स लागते, पण कडेच्या गोल डायल लंबगोल होतात. तुकडे जोडायचे तर कॅमेरा समोरून पाहताना लेन्सच्या आत छिद्र दिसतं त्या बिंदूभोवतीच फिरवावा. पॅनेल हातभर अंतरावर असल्याने थोडं सरकलं तरी सांधे जुळत नाहीत. फ्लॅश काचांवर चमकतो, म्हणून कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) बाहेरून पांढऱ्या कापडातून उजेड द्यावा.

कोकणात हे काम पावसाळ्याआधी उरकावं. खाऱ्या, दमट हवेत मिश्रधातूवर पांढरी पूड धरते, रबर चिकट होतं, स्विचखालची अक्षरं सुटतात. एसी गाडीतून काढलेला कॅमेरा घामतो. अर्धा तास पिशवी बंदच ठेवावी. आत शिरण्यापूर्वी इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) काडतुसं काढल्याची खात्री करून घ्यावी. जुन्या रेडियमच्या डायल चमकायच्या थांबल्या तरी किरणोत्सारी राहतात, त्यामुळे फुटक्या काचेवर फडकं मारू नये.