विरल मृत्तिका मूलद्रव्ये, अम्लीय खाणजलातील

खाणकामामुळे उघड्या पडलेल्या सल्फाइड खनिजांवर हवा व पाणी यांची क्रिया होऊन जे अम्लधर्मी पाणी पाझरते, त्यात विरघळलेली लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्ये व इट्रियम, म्हणजेच विरल मृत्तिका, यांचा येथे विचार केला आहे. स्कँडियमचे भूरासायनिक वर्तन निराळे असल्याने ते या गणनेत बहुधा धरत नाहीत. उदासीन नदीजलात यांपैकी प्रत्येकाचे प्रमाण सामान्यतः लिटरला १ मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. अम्लीय खाणजलात सर्वांची बेरीज शेकडो, क्वचित हजारो मायक्रोग्रॅम भरते.

पायराइट या लोहाच्या सल्फाइड खनिजाच्या ऑक्सिडीभवनातून सल्फ्यूरिक अम्ल व फेरस लोह मुक्त होते. फेरस लोहाचे फेरिक लोहात होणारे रूपांतर ही या प्रक्रियेची वेग ठरविणारी पायरी असून जीवाणू ती सुमारे दहा लाख पटींनी जलद करतात, हे सिंगर व स्टम यांनी १९७० मध्ये दाखविले. हे अम्ल भोवतालचा शेल (चिखलापासून बनलेला थरयुक्त खडक), चिकणमातीची खनिजे व फॉस्फेटे यांतून विरल मृत्तिका ओढून घेते आणि त्या मुक्त त्रिसंयुजी आयन व सल्फेट जटिले (सल्फेटाशी जोडलेले आयन) या रूपांत पाण्यात टिकून राहतात.

सम व विषम अणुक्रमांकांमुळे दिसणारा चढउतार काढून टाकण्यासाठी मोजलेल्या मूल्यांना प्रमाण मानलेल्या शेलमधील मूल्यांनी भागतात. असा आलेख काढला असता बहुतेक अम्लीय खाणजलांत समेरियम ते डिस्प्रोशियम या मध्य भागात फुगवटा येतो. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सल्फेट जटिलांमुळे मध्य मूलद्रव्ये द्रावणात अधिक राहतात, असे एक मत आहे. तथापि या जटिलांचे स्थिरतांक (ती किती घट्ट टिकतात याचे माप) संपूर्ण श्रेणीत जवळजवळ सारखेच असून मध्याकडे केवळ किंचित झुकतात. तेवढ्याने एवढा मोठा फुगवटा स्पष्ट होणे कठीण दिसते. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील कलर लेक या नैसर्गिक अम्लीय सरोवरावरील १९९९ च्या अभ्यासात जोहानेसन व झाऊ यांनीही जटिलनिर्मितीपेक्षा खडकातील विद्राव्य घटकांच्या विद्रावणाला अधिक महत्त्व दिले. लोह-मँगॅनीज ऑक्साइडांचे लेप आणि अ‍ॅपेटाइटासारखी फॉस्फेटे यांत मध्य मूलद्रव्ये आधीच अधिक असू शकतात व ती अम्लात लवकर विरघळतात, तर मोनाझाइट हे विरल मृत्तिकांचे फॉस्फेट खनिज फारसे विरघळत नाही. त्यामुळे फुगवटा मुख्यतः खडकाकडून येतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र प्रत्येक खाणीत स्रोतखनिज एकच असेल असे नाही. शहरी सांडपाण्यात एकट्या गॅडोलिनियमची उंच सुळकी दिसते, तिची या फुगवट्याशी गल्लत करू नये: ती एमआरआय तपासणीत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांमुळे येते व १९९६ मध्ये जर्मनीतील नद्यांच्या अभ्यासातून प्रथम लक्षात आली.

अशा पाण्यात चुन्याची निवळी हळूहळू मिसळत गेल्यास पीएच मूल्य ३ ते ४ च्या दरम्यान नारिंगी-तपकिरी लोहसाका बसतो, पण विरल मृत्तिका बहुतांशी वरच्या पाण्यातच राहतात. मूल्य ४.५ च्या पुढे गेल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, कापसाळ साका उतरू लागतो आणि मूल्य ५ ओलांडताना विरल मृत्तिका मोठ्या प्रमाणावर त्याच्याबरोबर खाली येतात. लोह आधी वेगळे काढून हा पांढरा साका स्वतंत्रपणे गोळा करणे, हे पुनःप्राप्तीच्या अनेक पद्धतींचे मूळ सूत्र आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन कोळसापट्ट्यात त्या दिशेने काम झाले आहे.

भारतात ईशान्येकडील कोळसा गंधकाने समृद्ध असल्याने आसामातील माकुम क्षेत्र व मेघालयातील जैंतिया टेकड्या येथे अम्लीय खाणजल ठळकपणे आढळते. विदर्भातील गोंडवाना कोळशात गंधक सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते. मुंबईच्या बेसाल्टी भूमीत कोळशाच्या खाणी नसल्या, तरी विषयाची दुसरी बाजू येथे आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्स या, आता आयआरईएल नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सरकारी कंपनीचे मुख्यालय प्रभादेवीला आहे. तिचा कच्चा माल मुख्यत्वे किनारी वाळूतील मोनाझाइट हा आहे. त्यात हलकी (लँथॅनमकडील) मूलद्रव्ये प्रबळ असतात व थोरियमही बरेच असते. खाणजलाच्या साक्यात मध्य व जड मूलद्रव्यांचा वाटा तुलनेने मोठा असतो आणि थोरियम सामान्यतः कमी असते. मात्र त्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर असल्यामुळे पुन्हा विरघळविल्यानंतर द्रावक निष्कर्षणाच्या (द्रावकाच्या साहाय्याने मूलद्रव्ये वेगळी काढण्याच्या) अनेक टप्प्यांखेरीज शुद्ध ऑक्साइडे मिळत नाहीत.